आकाशात उरलेले शिसे : विमान पेट्रोलच्या वादाची शंभर वर्षे

अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकण्यास १ जानेवारी १९९६ पासून कायद्याने बंदी आली आणि भारतात ते १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. जुलै २०२१ मध्ये अल्जीरियातील अखेरचा साठा संपल्यावर मोटारींसाठी असे पेट्रोल जगात कोठेही विकले जात नाही, अशी घोषणा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने केली. या घोषणेच्या कक्षेबाहेर राहिली ती लहान विमाने. नियमित प्रवासी वाहतूक आणि लष्करी उड्डाणे वगळता उरणाऱ्या विमानवाहतुकीला, म्हणजे वैमानिक-प्रशिक्षण, खासगी प्रवास, पिकांवरील फवारणी, रुग्णवाहतूक, हौशी उड्डाण यांना मिळून ‘जनरल एव्हिएशन’ म्हटले जाते आणि त्यातील बहुसंख्य विमाने पिस्टन इंजिनावर चालतात. एकट्या अमेरिकेत अशी सुमारे १ लाख ७० हजार विमाने आहेत. त्यांच्या धुरातून २०१७ साली सुमारे ४७० टन शिसे हवेत गेले आणि त्या देशाच्या हवेत मिसळणाऱ्या एकूण शिशापैकी हा वाटा सुमारे ७० टक्के होता. मोटारीतून हद्दपार झालेले विष विमानात आणखी पाव शतक का टिकले, याचे उत्तर रसायनशास्त्रात थोडे आणि पुराव्याचा भार कोणावर टाकला गेला, या इतिहासात अधिक सापडते.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण पिस्टनने दाबले जाते व ठिणगीने पेटवले जाते. ज्वाला ठिणगीपासून क्रमाने पसरत गेली तर पिस्टनवर दाब सुरळीत पडतो. परंतु ज्वाला पोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण उष्णतेने व दाबाने एकदम भडकले, तर सिलिंडरमध्ये हातोडी मारल्यासारखा ठोका बसतो. या प्रकाराला नॉकिंग म्हणतात. मोटारीच्या चालकाला हा ठोका ऐकू येतो आणि तो पाय आवरतो. विमानात मात्र इंजिनाच्या आणि पंख्याच्या गोंगाटात तो ऐकू येत नाही, आणि उड्डाणाच्या वेळी इंजिन पूर्ण शक्तीने चालत असताना तो सुरू झाला तर पिस्टन वितळून भोक पडण्यास फार वेळ लागत नाही. इंधनाची हा ठोका टाळण्याची क्षमता ऑक्टेन या अंकाने मोजली जाते. आयसोऑक्टेन या हायड्रोकार्बनला १०० आणि हेप्टेनला शून्य धरून बाकीच्या इंधनांची तुलना त्यांच्याशी केली जाते.

या ठोक्यावर उपाय शोधण्याचे काम जनरल मोटर्सच्या ओहायोतील डेटन येथील प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या देखरेखीखाली चालले होते. तेथेच थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड या द्रवाचा गुण सापडला : त्याची अत्यल्प मात्रा पेट्रोलमध्ये मिसळली की ठोका थांबतो. १९२३ साली हे पेट्रोल डेटनमध्ये विक्रीस आले आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्स व न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून एथिल गॅसोलीन कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. शिसे विषारी असते हे तेव्हाही अज्ञात नव्हते. खुद्द मिजली यांनाच १९२३ मध्ये शिशाच्या बाधेमुळे काम सोडून फ्लोरिडात विश्रांतीसाठी जावे लागले होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे शुद्धीकरण कारखान्यात या द्रवाच्या वाफांनी पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले आणि तीसहून अधिक जणांना रुग्णालयात हलवावे लागले, तेव्हा प्रकरण वृत्तपत्रांत गाजले आणि अनेक ठिकाणी विक्रीवर बंदी आली. मिजली यांनी पत्रकारांसमोर तो द्रव हातावर ओतून घेऊन तो निर्धोक असल्याचे दाखवण्याचा प्रयत्न केला.

मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने वॉशिंग्टन येथे बोलावलेल्या परिषदेत या शतकभराच्या वादाची चौकट ठरून गेली. औद्योगिक रोगांच्या अभ्यासक अॅलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ यांडेल हेंडरसन यांचे म्हणणे असे की, ज्ञात विष सर्वत्र फवारण्यापूर्वी ते निरुपद्रवी असल्याची खात्री करून घेतली पाहिजे. उद्योगाच्या बाजूने डॉ. रॉबर्ट केहो यांनी उलट भूमिका मांडली : लोकांना अपाय होतो असे सिद्ध करून दाखवा, मग वापर थांबवू. नेमलेल्या समितीने जानेवारी १९२६ मध्ये बंदी घालण्याजोगे कारण दिसत नाही असा निर्वाळा दिला, आणि पुढली चार दशके अपाय सिद्ध करण्याचे साधन, पैसा व तज्ज्ञ बहुतांशी उद्योगाच्याच हाती राहिल्याने केहो यांची कसोटी व्यवहारात कायम झाली.

विमानांच्या बाबतीत शिशाला आणखी एक भक्कम आधार मिळाला, तो युद्धाचा. ऑक्टेन जितका जास्त तितके मिश्रण अधिक दाबता येते आणि त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती काढता येते, हे ओळखून शेल कंपनीत असलेले वैमानिक जिमी डूलिटल यांनी १९३० च्या दशकात १०० ऑक्टेन इंधनाच्या उत्पादनासाठी आग्रह धरला. त्या वेळी त्याला गिऱ्हाईक जवळजवळ नव्हते; पुढे अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाने ते प्रमाण इंधन म्हणून स्वीकारले. १९४० च्या ब्रिटनवरील हवाई युद्धात स्पिटफायर व हरिकेन या विमानांची मर्लिन इंजिने ८७ ऐवजी १०० ऑक्टेन इंधनावर चालू लागली आणि सुपरचार्जरचा जादा दाब दर चौरस इंचास सुमारे ६ पौंडांवरून १२ पौंडांपर्यंत वाढवता आला, त्यामुळे कमी उंचीवर वेग व चढण्याची क्षमता दोन्ही सुधारली. शिसेयुक्त उच्च ऑक्टेन इंधन हे विजयाचे एक साधन ठरले, आणि युद्धानंतर बनलेली लहान-मोठी विमाने याच इंधनाच्या भरवशावर आखली गेली.

युद्धोत्तर काळात मोठी प्रवासी विमाने जेट इंजिनाकडे वळली. जेटला केरोसीनजन्य इंधन लागते व त्यात शिसे नसते, त्यामुळे विमान पेट्रोलची मागणी झपाट्याने आटली. पूर्वी निरनिराळ्या इंजिनांसाठी निरनिराळ्या रंगांची पेट्रोले मिळत : कमी शक्तीच्या इंजिनांना तांबडे ८०/८७, जास्त शक्तीच्या इंजिनांना हिरवे १००/१३०, आणि मोठ्या प्रवासी व लष्करी विमानांना जांभळे ११५/१४५. थोड्या ग्राहकांसाठी इतके प्रकार वेगवेगळ्या टाक्यांत ठेवणे परवडेना, म्हणून १९७० च्या दशकात ‘१०० एलएल’ हे एकच निळे इंधन पुढे आणले गेले. या नावातील ‘एलएल’ म्हणजे कमी शिशाचे; जुन्या हिरव्या इंधनात लिटरमागे १.१२ ग्रॅमपर्यंत शिसे चाले, तर यात ०.५६ ग्रॅमपर्यंत. परंतु तांबड्या इंधनाची मर्यादा ०.१४ ग्रॅम होती, आणि ते बाजारातून हळूहळू दिसेनासे झाल्यावर प्रशिक्षणाच्या साध्या विमानांना आपल्या इंजिनाच्या गरजेच्या चौपट शिसे जाळावे लागले. वैमानिक उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून थोडे इंधन एका पारदर्शक नळीत काढतो आणि पाणी-कचरा नाही ना, रंग निळा आहे ना, हे उजेडात धरून पाहतो. सुरक्षिततेची खूण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेलेला तो निळा रंग शिशाच्या इंधनाचाही रंग होता.

दरम्यान जमिनीवर केहो यांची कसोटी ढासळत होती. कॅलिफोर्नियातील भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की माणसाच्या शरीरातील शिशाचे जे प्रमाण नैसर्गिक मानले जाते ते मुळात औद्योगिक प्रदूषणातून आलेले आहे. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये मुलांच्या दुधाच्या दातांतील शिसे आणि त्यांची बुद्धी व वर्तन यांचा संबंध मांडला. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर मोटारींना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले, आणि शिशामुळे ते निकामी होत असल्याने शिसेमुक्त पेट्रोल अपरिहार्य झाले. विमानांना असा कन्व्हर्टर नव्हता, म्हणून ही सक्तीही नव्हती. शिवाय अधिकार विभागलेले होते : विमानाच्या धुराने आरोग्यास धोका आहे असे ठरवण्याचा अधिकार पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, म्हणजे ईपीएकडे, आणि इंधनाचे नियम करण्याचा अधिकार संघीय विमानवाहतूक प्रशासनाकडे, म्हणजे एफएएकडे. एकाने निष्कर्ष काढल्याशिवाय दुसऱ्यावर कायदेशीर बंधन येत नसे, आणि दुसऱ्याकडे पर्यायी इंधन नसल्याने पहिल्याला घाई नव्हती.

पर्याय मुळीच नव्हते असे मात्र नव्हे. अमेरिकेतील हौशी विमान-बांधणाऱ्यांच्या संघटनेने, ईएएने, १९८२ मध्ये सेसना १५० या विमानासाठी मोटारीचे पेट्रोल वापरण्याची मंजुरी मिळवली होती. पुढे मोटारीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाऊ लागले आणि इथेनॉल पाणी शोषून घेत असल्याने व जुन्या रबरी नळ्यांना सोसत नसल्याने ही वाट बरीचशी बंद झाली. स्वीडनमध्ये लार्स येल्मबेर्ग यांच्या येल्मको या कंपनीने १९९१ पासून ९१/९६ दर्जाचे शिसेमुक्त विमान पेट्रोल विकण्यास सुरुवात केली. ऑस्ट्रियाच्या डायमंड कंपनीने जेट इंधनावर चालणाऱ्या डिझेल पद्धतीच्या इंजिनांची विमाने बाजारात आणली. अडचण होती ती मागणीच्या विभागणीची. विमानांपैकी सुमारे ७० टक्के कमी ऑक्टेनवर चालू शकत. परंतु उरलेली सुमारे ३० टक्के, म्हणजे टर्बोचार्जर असलेली, दोन इंजिनांची, व्यवसायासाठी रोज उडणारी विमाने एकूण इंधनापैकी सुमारे ७० टक्के जाळत. त्यांना १०० ऑक्टेनखाली उतरणे शक्य नव्हते, आणि विमानतळावर दोन टाक्या ठेवण्याचा खर्च कोणी करायला तयार नव्हते. त्यामुळे ‘सर्व विमानांना चालेल असे एकच इंधन’ ही अट अघोषितपणे रूढ झाली आणि ज्यांना आजच शिसे सोडता आले असते त्यांनाही थांबावे लागले.

‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या पर्यावरणवादी संघटनेने २००६ मध्ये ईपीएकडे याचिका दाखल केली, तेव्हा हा अडलेला गाडा हलू लागला. २०१४ मध्ये एफएएने पिस्टन विमान-इंधन उपक्रम सुरू केला आणि २०१६ मध्ये शेल व इंडियानातील स्विफ्ट फ्युएल्स यांची इंधने पुढील चाचण्यांसाठी निवडली. परंतु २०१८ मध्ये स्विफ्टने आपले इंधन उपक्रमातून बाजूला काढले, शेलच्या इंधनापुढेही अडचणी उभ्या राहिल्या, आणि ठरलेली मुदत निघून गेली. त्याच काळात ओक्लाहोमातील एडा येथील जनरल एव्हिएशन मॉडिफिकेशन्स, म्हणजे गामी, या छोट्या कंपनीने जॉर्ज ब्रॅली यांच्या नेतृत्वाखाली वेगळा मार्ग धरला होता. अमेरिकेत विमानाच्या मूळ मंजुरीत फेरबदल करायचा तर पूरक प्रमाणपत्र घेता येते. गामीने आपल्या ‘जी-१०० यूएल’ या इंधनासाठी अशीच प्रमाणपत्रे मागितली, आणि १ सप्टेंबर २०२२ रोजी एफएएने ठिणगीवर चालणाऱ्या सर्व पिस्टन विमान-इंजिनांसाठी व त्या विमानांसाठी ते मंजूर केले.

येथे वाद दोन पद्धतींचा झाला. इंजिन व विमान उत्पादकांच्या मते इंधनाचे मानक एएसटीएम या मानकसंस्थेत तेल कंपन्या, उत्पादक आणि वापरकर्ते यांच्या सहमतीने ठरले पाहिजे, कारण एका कंपनीने एफएएला दाखवलेली कागदपत्रे बाकीच्यांना तपासता येत नाहीत. गामीचे म्हणणे असे की या सहमतीच्या प्रक्रियेत प्रतिस्पर्ध्यांनाही मत असते, आणि एफएएच्या अभियंत्यांनी बारा वर्षे तपासलेल्या इंधनाला पुन्हा त्यांच्या दारात उभे करण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंचे मुद्दे निराधार नव्हते. पण या काळात विकले जात होते ते निळेच इंधन.

वादाला लोकांचा चेहरा मिळाला तो कॅलिफोर्नियात. सॅन होजे शहराच्या पूर्व भागात, दाट व मुख्यतः लॅटिनो वस्तीच्या मधोमध, रीड-हिलव्ह्यू हा लहान विमानतळ आहे. उड्डाणापूर्वी वैमानिक धावपट्टीच्या टोकाशी विमान उभे करून इंजिनाची गती वाढवतो आणि ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो आळीपाळीने बंद करून तपासतो. ही तपासणी एकाच जागी शेकडो विमाने करतात, त्यामुळे शिशाचा धूरही तेथेच साठतो. सांता क्लारा काउंटीने करवून घेतलेल्या आणि ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०११ ते २०२० या काळातील मुलांच्या सुमारे १७ हजार रक्तनमुन्यांची छाननी होती. विमानतळापासूनचे अंतर जितके कमी, घर वाऱ्याच्या दिशेत जितके अधिक आणि उड्डाणांची वर्दळ जितकी जास्त, तितके रक्तातील शिसे वाढत गेलेले आढळले. काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून आपल्या विमानतळांवर शिसेयुक्त इंधन विकणे बंद केले. विमानमालकांच्या संघटनांनी यावर हरकत घेतली ती अपघाताच्या भीतीने : उच्च ऑक्टेन लागणाऱ्या विमानात चुकून तेथे मिळणारे ९४ ऑक्टेनचे शिसेमुक्त इंधन भरले गेले किंवा पुढच्या विमानतळापर्यंत इंधन पुरले नाही तर जीव जाईल, असे त्यांचे म्हणणे होते, आणि संघीय अनुदान घेणाऱ्या विमानतळाला असा निर्णय एकतर्फी घेता येतो का, याची चौकशी एफएएने सुरू केली. आकाशातील माणसाची सुरक्षितता आणि धावपट्टीशेजारच्या मुलाचे आरोग्य या दोन रास्त गोष्टी येथे प्रथमच उघडपणे समोरासमोर आल्या.

पुढची वर्षे दाखवून गेली की सावधगिरीचा सल्ला सर्वस्वी बहाणा नव्हता. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने २०२३ मध्ये आपली प्रशिक्षण विमाने स्विफ्टच्या ९४ ऑक्टेन शिसेमुक्त इंधनावर चालवली, परंतु एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो ते बैठकीचे कडे अपेक्षेहून लवकर झिजू लागल्याचे आढळल्यामुळे ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा निळ्या इंधनाकडे वळवली. शिशाच्या ज्वलनातून उरणारा थर त्या कड्याला संरक्षण देत असे, ही जुनी समजूत यामुळे पुन्हा चर्चेत आली. विमानमालकांच्या संघटनेने, एओपीएने, एका बीचक्राफ्ट बॅरन विमानाच्या डाव्या इंजिनाला जी-१०० यूएल आणि उजव्याला १०० एलएल देऊन तुलना केली. इंजिनांच्या चालण्यात लक्षणीय फरक दिसला नाही, परंतु नव्या इंधनाच्या बाजूला टाकीची गळती व रंगावर डाग आढळले, अर्थात ती टाकी फार जुनी होती. २०२४ च्या अखेरीस रीड-हिलव्ह्यू व कॅलिफोर्नियातीलच वॉटसनव्हिल येथे हे इंधन विक्रीला आल्यावर काही मालकांनी रंग सुटल्याच्या व टाक्यांचे सीलंट खराब झाल्याच्या तक्रारी केल्या. शिशाची जागा भरून ऑक्टेन टिकवायचा तर बेंझिनच्या जातीची अॅरोमॅटिक संयुगे अधिक घालावी लागतात आणि ती चांगली द्रावकेही असतात, हे या तक्रारींमागचे रसायन. गामीने दोष जुन्या गळतीवर व जुन्या रंगावर ठेवला. मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील एका न्यायालयाने हे इंधन विक्रेत्यांवर सक्ती करण्याइतके व्यापारीदृष्ट्या उपलब्ध नाही, असा निर्णय दिला. स्विफ्टने दरम्यान ‘१०० आर’ हे इंधन आधी सेसना १७२ च्या काही प्रकारांसाठी मंजूर करून घेतले. अशा रीतीने एका इंधनाच्या अटीपायी अडलेला प्रश्न अखेर अनेक इंधनांच्या स्पर्धेत येऊन पोचला.

कायद्याने मात्र आता मुदती घातल्या आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये ईपीएने पिस्टन विमानांच्या शिशामुळे जनतेच्या आरोग्यास धोका होतो असा अंतिम निष्कर्ष जाहीर केला. २००६ च्या याचिकेपासून यास सतरा वर्षे लागली. मे २०२४ च्या संघीय कायद्याने उलट बाजूचेही ऐकले : २०२२ मध्ये जे विमानतळ निळे इंधन पुरवत होते त्यांनी योग्य पर्याय मिळेपर्यंत किंवा २०३० च्या अखेरीपर्यंत ते चालू ठेवावे, अलास्कात २०३२ पर्यंत. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०३१ पासून विक्रीबंदीचा कायदा केला. युरोपीय संघाने टेट्राएथिल लेडला मे २०२५ पासून विशेष परवानगीशिवाय वापरता न येणाऱ्या रसायनांच्या यादीत टाकले आहे.

भारतात हा वाद अजून सार्वजनिक झालेला नाही, पण भारत त्यापासून अलिप्तही नाही. देशाला लागणारे विमान पेट्रोल आयात होत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदरा येथील शुद्धीकरण कारखान्यात बनवलेले १०० एलएल बाजारात आणले, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पहिली निर्यात नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून पापुआ न्यू गिनीला झाली. बारामती, गोंदिया अशा ठिकाणच्या प्रशिक्षण केंद्रांवर वैमानिकांची मागणी वाढत असताना, शेजारच्या वस्त्यांतील हवेत व मुलांच्या रक्तात शिसे किती आहे याची नोंद आजपासून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

या शतकाच्या इतिहासाचा निर्णय एका वाक्यात मांडता येतो : १९२५ मध्ये शिशाला निर्दोष मानून त्याचा दोष सिद्ध करण्याचा भार लोकांवर टाकला गेला, आणि शंभर वर्षांनी त्याच्या जागी येणाऱ्या इंधनाला मात्र प्रत्येक इंजिन, प्रत्येक टाकी आणि प्रत्येक रंगाच्या थरापुढे आपले निर्दोषत्व सिद्ध करावे लागत आहे. नव्या इंधनाची कठोर परीक्षा योग्यच आहे. तीच परीक्षा पहिल्या इंधनाची झाली असती, तर तिच्या पहिल्या प्रश्नालाच ते नापास झाले असते.